देवमनमामांची वास्तू

देवमनमामांना खाली बसलेलं मी नऊ वर्षांत एकदाच पाहिलं. शाळेच्या शिपायाला हक्काचं एक स्टूल असतं. मामांनाही होतं, हेडमास्तरांच्या दाराबाहेर. त्या स्टुलावर ते पाण्याचा जग ठेवत आणि स्वतः त्याच्या बाजूला उभे राहत. डबा उभ्यानं, चहा उभ्यानं, पेपर तर व्हरांड्यात येरझारा घालत. शेलूबाजारच्या फाट्यावर जीपवाले कौतुकानं सरकून जागा करून देत, पण हा माणूस मागच्या पायरीवर दांडीला धरून वाशीमपर्यंत उभा जायचा.

मी तिथल्या हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, मामांना मूळव्याध असावी. तसं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. सगळे हसले. मूळव्याध नाही, म्हणाले, घराचं कर्ज आहे.

ती हकिगत मग मला तीन-चार जणांकडून, तिखटमीठ लावून ऐकायला मिळाली. मामांची वडिलोपार्जित जागा गावठाणातली. उतारा ग्रामपंचायतीचा. त्यावर कर्ज मिळत नाही, एन.ए. झालेला प्लॉट आणा, असं सांगून दोन बँकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग वाशीमला एक कर्ज देणारी कंपनी सापडली. दर चढा होता, पण माणसं गोड होती. त्यांनी मामांना गुबगुबीत खुर्चीवर बसवलं, चहा दिला, चहासोबत बिस्किटं दिली, साहेब म्हटलं. उभ्या जन्मात मामांना कोणी साहेब म्हटलं नव्हतं. दर फिक्स आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. फिक्सच समजा, असं उत्तर मिळालं. मामांनी समजून घेतलं आणि दिसेल त्या कागदावर सही केली. शेवंताबाईंनी, म्हणजे मामींनी, खाली आपली केली. वीस वर्षांचं कर्ज, दोनशे चाळीस हप्ते.

दर फिक्स होता तो पहिली दोन वर्षं. हे कागदावर होतं, पण बिस्किटाच्या बशीखाली होतं असं मामा पुढं सांगत.

पाच वर्षं मामांनी हप्ता चुकवला नाही. हप्ता एका रुपयानं वाढलाही नाही, आणि याचीच त्यांना मोठी ऐट होती. व्याजाचे दर वाढले, इतरांचे हप्ते वाढले, माझा पाहा, असं ते फाट्यावर चारचौघांत सांगायचे. पाच वर्षं झाली त्या दिवशी पेढे घेऊन कंपनीत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, बाई, आता पंधरा वर्षं राहिली ना? तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, एकोणीस.

दर वाढला तसा कंपनीनं हप्त्याला हात न लावता मुदत लांबवली होती. तशी पत्रंही घरी आली होती. ती इंग्रजीत होती, शिक्क्यासकट होती, म्हणून मामींनी महत्त्वाचे कागद समजून देवघरातल्या डब्यात नीट घडी करून ठेवली होती.

त्या दिवसापासून मामा बसले नाहीत. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "बसलं की माणूस हो म्हणते, सर. उभ्या माणसाले कोनी फसवत नाही. त्याले निंगून जाता येते."

हे तत्त्वज्ञान ठीक होतं, पण त्याचा शाळेला फार त्रास. उभा माणूस फिरतो, आणि फिरणारा माणूस बोलतो. मामांच्या डोक्यात व्याजदराशिवाय काही नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते वाशीमला जात आणि प्रत्येक बँकेत नव्या घरकर्जाचा दर विचारून येत. घ्यायचं काही नाही, नुसतं विचारायचं. सोमवारी स्टोअररूमच्या दारामागं खडूनं दर लिहिलेले असत, कोणाचा किती, पाव टक्का कुठं हलला. दर दोन महिन्यांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर जाहीर होतो, त्या दिवशी मामा मोबाइल कानाला लावून त्या दाराशी उभे. अशा एका दिवशी त्यांनी चौथ्या तासाची घंटा दिलीच नाही. माझा वर्ग दहावी 'ब'चा, आधीच उकळलेला. पंधरा मिनिटं जास्त शिकवून माझा घसा बसला. बाहेर येऊन मी त्यांच्यावर ओरडलो, तर ते उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, पाव टक्का उतरला सर.

माझा त्यांच्यावर राग होता, हे कबूल करतो. कारण साधं होतं. गणिताचा मास्तर मी, चक्रवाढ व्याजाचं सूत्र फळ्यावर मी लिहिणार, आणि मुलांचे बाप मात्र कर्जाचे कागद घेऊन शिपायाकडं यायचे. मामांचं शिक्षण सातवी. सूत्र त्यांना माहीत नव्हतं. ते फक्त एक वाक्य म्हणायचे, येणाऱ्या प्रत्येकाला, देवळात तीर्थ द्यावं तसं: "हप्ता नोका पाहू. वर्ष पाहा."

मी ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा मुद्दाम त्यांना काही विचारलं नाही. बँकेचं कर्ज होतं, दर कमी होता, शिवाय मी शिकलेला. तीन वर्षांनी मामाच माझ्यामागं लागले. तुमचा दर काय, म्हणाले. मी सांगितला. ते थबकले, जागच्या जागी पाय हलवत राहिले, आणि म्हणाले, तीच बँक नव्या माणसाला यापेक्षा पाऊण टक्का कमीनं देते आहे. मी म्हटलं, असं कसं असेल? दर बदलणाराच आहे ना माझा, उतरला की आपोआप उतरेल.

"आपोआप चढते, सर. उतराले आपल्याले जा लागते."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला जवळजवळ ओढतच वाशीमला नेलं. वाटेत जीपमध्ये मी बसलेला, ते पायरीवर. बँकेतला अधिकारी मला खुर्ची दाखवत होता आणि मामा मागून माझा शर्ट ओढत होते. मी उभा राहिलो. आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो. मामा त्याला म्हणाले, आमच्या बाजारात दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला भाव कमी करतो, तुमच्याकडं नव्याला कमी आणि जुन्याला जास्त, असं काहून? तो बिचारा हसला. बदली शुल्क म्हणून थोडी रक्कम भरायची असते, अर्ज द्यायचा असतो, मग जुनं कर्जही नव्या दरावर येतं, असं त्यानं सांगितलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. अर्ज भरला, दर उतरला, मुदतीतली सव्वादोन वर्षं कमी झाली. परत येताना मी मामांना फाट्यावर कचोरी खाऊ घातली. त्यांनी ती फिरत फिरत खाल्ली.

आता मामींविषयी सांगायला हवं. त्यांच्याशिवाय मामांची गोष्ट म्हणजे अर्धाच उतारा.

मामांच्या घराची वास्तुशांत झाली नव्हती. आधी प्लास्टर राहिलं म्हणून, मग फरशी राहिली म्हणून लांबली, आणि त्या एकोणीस वर्षांच्या दिवसानंतर मामांनी जाहीर केलं की कागद घरात आल्याशिवाय वास्तू नाही. घराचे मूळ कागद दुसऱ्याच्या तिजोरीत, आणि आपण गावाला वास्तूचं जेवण घालून घर आपलं म्हणायचं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या परीनं ते प्रामाणिकपणाचं होतं. पण राहायचं मामींना होतं. घरात कोणाला ताप आला, गाय आटली, पोराचा नंबर लागला नाही, की भावकीतल्या बाया म्हणायच्या, वास्तू नाही ना केली. मामी स्वतः दुसऱ्यांच्या वास्तूला जाऊन पोळ्या लाटून द्यायच्या आणि जेवायला बसायच्या आधी काहीतरी निमित्त काढून घरी यायच्या.

वास्तूला बाईच्या माहेराहून आहेर येतो. मामींचं माहेर पोहरादेवीकडचं. त्यांच्या आईनं, ज्या वर्षी घराचा स्लॅब टाकला त्याच वर्षी, यात्रेतून एक हिरवं जरीकाठी पातळ घेऊन ठेवलं होतं. लेकीच्या वास्तूचं म्हणून. ती म्हातारी दर दिवाळीला यायची. एकदा मी चहाला तिथं होतो तेव्हा तिनं जावयाला विचारलं, वास्तू कवा? मामांनी उभ्या उभ्या हिशेब करून सांगितलं, आठ वर्षं आणि चार महिने. म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते, पण हसू चांगलं होतं.

"जावईबुवा, तितके वर्ष मले कोन देते?"

मामा म्हणाले, कमी करून राह्यलो ना मी, दरवर्षी काहीतरी भरून कमी करून राह्यलो. तेही खरंच होतं. मामांनी स्वतःच्या कर्जाचा दरही भांडून उतरवून घेतला होता, आणि दिवाळीचा अ‍ॅडव्हान्स असो की सोयाबीनचे चार पैसे, सगळं मुद्दलात जायचं. गावात लोकांनी पत्र्याची घरं स्लॅबची केली, मोटरसायकली घेतल्या. मामा तेच दोन शर्ट आलटून पालटून घालत होते.

मग वेतनाची थकबाकी आली. आम्हा सगळ्यांची, एकदमच. मामांचं आणि माझं ठरलं की शनिवारी जाऊन दोघांनीही कर्जात भरायची. या वेळी मामीही सोबत आल्या, कारण कर्ज दोघांच्या नावावर आणि अर्जावर दोघांची सही लागते. माझं काम आधी झालं. एवढी रक्कम भरली की दोन वाटा असतात, एक तर पुढचा हप्ता कमी करून घ्या, नाही तर हप्ता तोच ठेवून वर्षं कमी करा. अधिकाऱ्यानं विचारायच्या आत मी मुदत म्हणून मोकळा झालो. माझ्या बायकोला, वैशालीला, बी.एड. करायचं होतं. हप्ता कमी झाला की फी भरू, असं ती दोन वर्षं म्हणत होती. हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आठवलं, आणि मी मुदत म्हणालो, कारण मामा शेजारी उभे होते.

मग त्यांच्या कंपनीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं तोच प्रश्न विचारला. मामा म्हणाले, मुदत. त्याच वेळी मामी म्हणाल्या, हप्ता.

मुलगी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहू लागली. मामी एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या, हातात पिशवी घट्ट धरून. मामा त्यांना समजावू लागले, तेच वाक्य, हप्ता नोको पाहू, वर्ष पाह्य. मी ते शंभरदा ऐकलं होतं, मामींनी हजारदा ऐकलं असणार. त्यांनी पूर्ण होऊ दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी कंपनीचे वर्ष मोजता. घरात बी कोनाचे वर्ष चालले, ते कोन मोजते? माय थकली माही. हप्ता उतरला त चार पैसे हाती राह्यतीन, अवंदा वास्तू होईन. कागद येतीन मागून."

मला वाटलं मामा आता वळतील. पण सहा वर्षं उभा राहिलेला माणूस असा एका वाक्यात बसत नाही. ते म्हणाले, तीन वर्षांवर आलं शेवंता, आता कशाला मध्येच थांबायचं? हेही चूक नव्हतं. दोघंही बरोबर असली म्हणजे तिसऱ्यानं भिंतीकडं पाहावं, तसं मी पाहत होतो.

मामींनी पेन घेतला. सही केली नाही, नुसता धरला. म्हणाल्या, "सही देते. पन कागद आले की वास्तू. अन त्या दिवशी तुमी माह्यासंग पाटावर दोन घंटे बसान. उठान नाही." मामांनी मान डोलावली. त्या मुलीनं मुदत कमी केली. येताना जीपमध्ये मामी खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि मामा पायरीवर होते.

म्हातारी त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गेली.

मामा दिवसकार्यावरून परत आले ते जास्तच भिरभिरे होऊन. घंटा कधी लवकर, कधी उशिरा. स्टोअररूमच्या दारामागचे दर तसेच महिनाभर जुने राहिले. शेवटचा हप्ता भरला तेव्हा पेढे नव्हते. मूळ कागद लांबच्या कुठल्याशा गोदामात ठेवलेले असतात, यायला वेळ लागतो, असं कंपनीनं सांगितलं, आणि मामा दर दोन दिवसांनी वाशीमला जाऊन काउंटरपाशी उभे राहू लागले. शेवटी तिथल्या लोकांनीच कंटाळून फोनाफोनी केली असावी. एक दिवस दुपारच्या सुट्टीनंतर मामा पिवळं पाकीट घेऊन वर्गात आले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, वाचा सर, सारी पानं वाचा. मी मुलांना गणित घालून सारी पानं वाचली. सगळं बरोबर होतं. मामांनी पाकीट परत घेतलं, थँक्यू म्हणाले आणि पुढच्या तासाची घंटा द्यायला गेले.

वास्तू चैत्रात झाली. सारा गाव होता, शाळा होती, मी आणि वैशाली होतो. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी दोन पाट मांडले. मामा धोतर नेसून उभे, पाटाकडं विहिरीत डोकवावं तसं बघत होते. मामींनी नुसतं पाहिलं, तसे बसले. मांडी नीट जमत नव्हती. दर मिनिटाला गुडघा हलत होता, हात आपोआप खिशाकडं जात होता आणि धोतराला खिसा नव्हता. पोरं तोंड दाबून हसत होती. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग आहेराची वेळ झाली. मामींचा भाऊ ताटात ते हिरवं पातळ घेऊन आला. मायनं ठेवलेलं, म्हणाला, पेटीतून तसंच आणलं. मामींनी घडी उलगडली. चौदा वर्षं एकाच घडीत राहिलेलं जरीचं कापड ते. प्रत्येक घडीवर सरळ रेषेत चिरलेलं होतं. मामींनी दुसरी घडी उलगडली, तिथंही. भावजय पुढं होऊन म्हणाली, राहू द्या आक्का, वाशीमहून दुसरं आणू आताच. मामी म्हणाल्या, हेच नेसते. आत गेल्या आणि नेसून आल्या. पदर हातानं धरून ठेवला होता, तरी खांद्यावरची चीर दिसत होती. येऊन पाटावर बसल्या.

त्यानंतर मामा हलले नाहीत. गुडघाही नाही. महाराज सांगतील तेवढं पाणी सोडत, अक्षता टाकत, आणि मध्ये मध्ये बाजूच्या त्या हिरव्या कापडाकडं पाहत. पाव टक्का ज्याच्या नजरेतून कधी सुटला नाही, त्या माणसाचा चेहरा मला बघवेना. उठून बाहेर जावंसं वाटलं, पण वैशाली शेजारी होती.

पूजा संपली. महाराज उठले, लोक उठले, पंगतीची गडबड सुरू झाली. मामा बसूनच. आमच्या शाळेतले राठोड सर, नुकतंच लग्न झालेले, वाट पाहतच होते. त्यांच्या खिशात घरकर्जाचा कागद. ते मामांपुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, सासऱ्यांनी दिलेले दोन लाख भरून टाकतो आहे, मामा, तुम्ही म्हणता तसं मुदतच कमी करून घेतो. आजूबाजूचे चार मास्तर थांबले. आता ते वाक्य येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मामांनी कागद हातात घेतला नाही. मामींच्या पदरावरच्या एका चिरेवर त्यांचं बोट होतं.

"घरी इचारलं का, सर?"

राठोड सर म्हणाले, घरी कोणाला? बायकोला? तिला यातलं काय कळतं मामा?

"म्या बी असंच म्हनत होतो," मामा म्हणाले. "चौदा वर्ष."

वैशाली माझ्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी घाईघाईनं पंगतीच्या पत्रावळी मोजायला गेलो.

जेवणं उरकून आम्ही निघालो तेव्हा मांडवात उष्टी उचलली जात होती. निघताना सांगावं म्हणून मी आत डोकावलो. समई मंद झाली होती. मामी उभ्या होत्या, एका हातानं पदर धरून, आणि दुसरा हात त्यांनी मामांपुढं केला होता. उठा आता, त्या म्हणत होत्या, दोन घंटे कवाचे झाले.

"थांब वं," मामा म्हणाले. "बसू दे मले जराक."